ओळखीचा रकाना

आमच्या वाचनालयातील कारकून वाचकाकडे चष्म्यावरून, चोर पकडल्यासारखे पाहतात. साठीनंतर मी संगणकवर्गात डेटाबेस शिकलो, म्हणून त्यांनी केलेला सभासदांचा तक्ता तपासण्याचे काम समितीने मला दिले.

"प्रत्येकाला पुन्हा न येणारा क्रमांक हवा," मी चाचरत म्हणालो.

"नंबर कायले लागते, सर? एकाच नावाचे तीन जन तं डोणगावचेच हायेत. मी खुणेवरून वयखतो न!"

ओळखीच्या रकान्यात त्यांनी खरोखरच खुणा भरल्या होत्या: ‘थुंकी लावून पान उलटणारे’, ‘पुस्तक उशाला घेऊन झोपणारे अध्यक्ष’.

"दुसरे थुंकीवाले निंघाले, तं हा तेच पुन्हा भरूच देईना," त्यांनी संगणकाकडे तुच्छतेने पाहिले. "मंग त्याईले ‘जास्त थुंकीवाले’ केलं."

मी क्रमांक घातले. अध्यक्षांच्या दृष्टीस पडण्यापूर्वी तो रकाना पुसणे भाग होते. त्याआधी भीतभीत मी स्वतःची ओळ शोधली.

‘पुस्तक हेरून ठेवतात, मागायला लाजतात. आपणच काढून समोर ठेवणे.’

मला हवे असलेले पुस्तक टेबलावर योगायोगाने पडलेले असते, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

मी अध्यक्षांची खूण तेवढी पुसली. रकाना राहू दिला.