किल्लीवाल्याने नाव घेतलं नाही

मंत्र्याच्या खुनाच्या कटात फाशी गेलेला माणूस, एवढीच ओळख सरकारने किल्लीवाल्याला ठेवली आहे. आमच्या गल्लीतला माणूस कोण होता हे सरकारला कुणी विचारलं होतं?

जिन्याखालच्या सांदीत त्याचं दुकान. फळीवर लोखंडी पकड, दोन-चार कानशी आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. तोंडाचा फाटका. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचा, "थांबायचं नसेल तर खिडकीतून शिर." एका शिडीवरून सख्ख्या भावाशी कायमचा अबोला धरलेला. त्याला देवमाणूस बनवायचा माझा इरादा नाही. पण कामाला खोट नव्हती. प्रत्येक किल्लीच्या दांड्यावर तो एक तिरकी खाच मारायचा. ती त्याची हमी. किल्ली अडली, की खाच बघून फुकट घासून द्यायचा.

सरकारी सभागृह झाडणारी बाई त्याच्याच गल्लीतली. एकदा मागच्या दाराची किल्ली घरी विसरली तर तिथल्या साहेबाने तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. पुन्हा असं झालं तर घरी बसायचं, म्हणाला. नवरा सोडून गेलेला, पदरी दोन पोरी. जादा किल्ली करून ती मागच्या दाराजवळच्या विटेमागे ठेवायचं तिने ठरवलं.

"दादा, कुणाला सांगू नका."

"मी काय दवंडी पिटतो?"

सरकारी दाराची किल्ली परवानगीशिवाय करणं गुन्हा, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी करून दिली. हात सवयीचा, खाचही मारली.

विटेमागची ती किल्ली कुणीतरी हेरली. त्याच दाराने शिरून त्याने सभेला आलेल्या मंत्र्याला गोळी घातली आणि पहारेकऱ्यांनी त्याला जागीच संपवलं. खून वाईटच, त्यात दुमत नाही. पण मेलेला मारेकरी बोलेना, सरकारी किल्ल्या सगळ्या जागच्या जागी, आणि त्याच्या खिशातल्या किल्लीवर तिरकी खाच. पोलीस थेट जिन्याखाली आले.

"कुणासाठी केलीस? नाव सांग आणि सूट."

"किल्ली माझीच. नाव लक्षात नाही."

वकिलाने कपाळाला हात लावला. "अहो, खाच काय कुणीही मारील. तुमची नाही म्हणा."

"नाही म्हटलं तर ते दुसरं कुणीतरी शोधत बसतील," किल्लीवाला म्हणाला.

आता मला सांगा, कट करणारा माणूस किल्लीवर स्वतःची खूण ठेवतो? शेंबड्या पोरालाही हे कळेल. कोर्टाला कळलं नाही, कारण मंत्री मेला होता आणि कुणीतरी लटकायला हवं होतं.

किल्लीवाल्याच्या बायकोला सगळं माहीत होतं. तुरुंगाच्या जाळीपलीकडून ती म्हणाली, "मी सांगते जज्जाला."

"तू सांगशील आणि ती लटकेल. तिच्या पोरींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"आणि मी कुणाच्या बघू?"

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "तरी नको सांगू."

ती घरापर्यंत त्याला शिव्या घालत गेली.

निकालाच्या दिवशी झाडणाऱ्या बाईलाच राहवलं नाही. भर कोर्टात उठली. "साहेब, ती किल्ली माझ्यासाठी केली होती."

पिंजऱ्यातून किल्लीवाला मोठ्याने हसला. "बस ताई. शेजारीण आहे साहेब, जीव लावते. उद्या म्हणेल, बंदूकही माझीच."

कोर्टात खसखस पिकली. जज्ज मात्र हसला नाही. त्याने किल्लीवाल्याच्या बायकोला उभं केलं. "तुम्ही या बाईला ओळखता? ती खरं बोलतेय?"

नवरा वाचवायचा तर एवढी एकच घडी होती. बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईकडे.

"ओळखते," ती म्हणाली. "डोकं फिरलंय तिचं."

त्याला फाशी झाली. झाडणारी बाई रोज संध्याकाळी त्याच्या बायकोच्या उंबऱ्याशी जाऊन बसायची. आतून कडी निघायची नाही. कित्येक महिन्यांनी एकदा निघाली.

"आत ये," बायको म्हणाली. "पण त्याचं कौतुक माझ्यासमोर करायचं नाही."

हे मला त्या दोघींनीच सांगितलं. कौतुक मी करतोय, ते तिच्या माघारी.