काट्यावरचा अपडेट

आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., सांगलीतून, रेग्युलर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

मालकानं नवा इलेक्ट्रिक ट्रक घेतला आणि तो माझ्या वडिलांच्या, आबांच्या हाती दिला. अट एकच, पहिली तक्रार आली की परत जुन्या डिझेल गाडीवर. आबा फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले. ट्रक त्यांच्यापेक्षा शहाणा. पुढं कुणी आलं की आपणच ब्रेक मारायचा, पट्टा ओलांडला की ओरडायचा. पाटणच्या रस्त्याला पट्टेच नव्हते, तिथं बिचारा गप्प बसायचा.

त्या दिवशी आबा मला साताऱ्यात मुलाखतीला सोडणार होते. कारखान्यातून साखर भरून निघताना ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला आणि स्क्रीनवर इंग्रजीत अपडेटची सूचना पुन्हा आली. आबा महिनाभर तिला 'नंतर' म्हणत टाळत होते.

"अडाण्यासारखं काय टाळताय?" मी म्हणाले. ब्रेक सुधारणार, पट्टे नीट ओळखणार, सगळं मराठीत समजावून सांगितलं. शेवटची ओळ तेवढी वाचायची राहिली. अभ्यासक्रमाबाहेरची असावी. बटण दाबलं.

ती ओळ अशी होती : पाऊण तास गाडी हलणार नाही.

नाहीच हलली. मागं उसाचे ट्रॅक्टर थटले.

"ओ फौजी, वजन करताय का मुक्काम?" पहिला ट्रॅक्टरवाला ओरडला.

"गाडी अभ्यासाला बसलीय रं," त्याच्या मागचा म्हणाला. "पास झाल्याबिगर उठत न्हाई."

"मग ढकलूया की!"

"ढकल गड्या, नुसती साखरच हाय."

काटेवाल्यानं थेट मालकाला फोन लावून आबांच्या हातात दिला. मी तोंड उघडलं, तर आबांनी हातानंच गप्प केलं.

"मीच दाबलं, मालक. इंग्रजी कळलं न्हाई."

मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तो पेपर बी.एस्सी.ला नव्हता.

मालकाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "आवं, घरात शिकलेली पोरगी हाय, तिला इचारायचं न्हाई व्हय? असू द्या, गाडी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पण हितनं फुडं तिला इचारल्याबिगर बटणाला हात लावायचा न्हाई!"

"व्हय," आबा म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मुलाखत हुकली, ट्रक राहिला. आता लोणंदहून नाहीतर मिरजेहून आबांचा फोन येतो, "आलंय बघ गं, काय दाबू?"

मी पदवीच्या पूर्ण अधिकारानं सांगते, "नंतर."