मँटिस माझ्याकडे बघत नव्हता

या सदरात येणारे अनुभव मी दर वेळी वाचतो आणि दर वेळी हसतो. विहिरीतून आवाज आला, मागे वळून बघितलं तर कुणीच नाही... अहो, कुणी नसेल तर कुणी नसतं, त्यात लिहायचं काय? माझा धंदा कीटकनाशकांचा. पंपाला इतकं इतकं औषध टाकलं की अमुक किडा मरतो, यापलीकडे मी कशावर विश्वास ठेवलेला नाही. तेलगावात थोरल्या भावाचं आणि माझं मिळून कृषी सेवा केंद्र आहे. मागे घर, घरामागे परस. हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा. फोटो माझ्याकडे आहे आणि मी जिंकलेलो आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

मला किड्यांचे फोटो काढायचा नाद आहे. हो, दिवसभर किडे मारायची औषधं विकायची आणि सकाळी उठून त्यांचेच फोटो काढायचे! गावात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. सेकंडहँड कॅमेरा, त्याला मॅक्रो लेन्स, आणि भादव्यातलं परस. भादवा-आश्विनात परसात जी गर्दी असते ती वर्षभर नसते. लिंबोणीवर फुलपाखराच्या अळ्या, दोडक्याच्या वेलावर भुंगे, गोकर्णीवर टाचण्या, म्हणजे ते सुईसारखे बारीक चतुर, झेंडूच्या कळ्यांत दबा धरून बसलेले कोळी. फक्त एक अडचण. एकही किडा माझ्याकडे तोंड करून थांबत नाही. मी जवळ गेलो की वळलाच, नाहीतर उडालाच. हाताला औषधाचा वास असणार. साबणानं धुतले, लिंबानं चोळले, राखेनं घासले, काही उपयोग नाही. माझ्या कॉम्प्युटरवर हजारो फोटो आहेत आणि सगळे पाठमोरे.

"काय बे, हे किड्यांचे ढुंगणं काढून काय करणार हायस?" दादा विचारायचा. दादा म्हणजे थोरला भाऊ. दुकानात तो बोलतो आणि मी ऐकतो, अशी वाटणी झालेली आहे.

परस आमच्या अक्काचं. अक्का आम्हा दोघांची थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत माहेरी परत आली ती कायमची. का आली, कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आल्यावर तिनं मागच्या उकिरड्याची जागा साफ केली आणि एकेक झाड लावलं. लिंबोणी, कडीपत्ता, तगर, पेरू. तिची एक सवय होती. कडीपत्ता तोडायचा असो की लिंबू, आधी हातातली बांगडी फांदीवर दोनदा वाजवायची... टिक टिक. आणि म्हणायची, "सरका बापहो, हात घालते मी." किड्यांना! मी लहानपणी लई हसायचो. पण तिला कधी गांधीलमाशी चावल्याचं मला आठवत नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. जाताना कमरेत पार वाकली होती, तरी शेवटपर्यंत तिनं परसाला पाणी घातलं.

तर यंदा भादव्यात दादानं जाहीर केलं, परस साफ करून तिथं गोडाऊन बांधायचं. खताच्या गोण्या ओसरीत ठेवायला जागा नाही, हे खरंच होतं. जेसीबीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. पण मधे आला पितरपाट. आमच्याकडे पितरपाटात नवं काम काढत नाहीत, कुदळसुद्धा मारत नाहीत. म्हणजे पंधरा दिवस मिळाले. मी भांडलो. हो, भांडलोच, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. अक्काची एवढीच एक वस्तू राहिली आहे, म्हटलं, तीही उपटून टाक.

दादा चिडत नाही, तो पैज लावतो. म्हणाला, "पितरपाट सुटेस्तोवर एक किडा दाखव मला. समोरून बघणारा, डोळ्यात डोळा घालून. दाखवलास तर जेसीबी परत. न्हाई तर घट बसले की झाडं गेली. तुझ्या फोटोला तरी काही अर्थ हाय का, कळू दे एकदा."

"अन् शब्द फिरवलास तर?"

"दुकानात बसून शब्द फिरवलाय का मी कधी?"

फिरवला नव्हता, हे मान्य करावं लागलं.

मग मी इरेला पेटलो. रोज पहाट फुटली की परसात. गुडघे सोलले, उन्हानं मान आंब्यासारखी पिकली. दहा दिवसांत निकाल काय, तर पाठ, पाठ, पाठ, आणि एका सरड्याची शेपटी. बायको, सुनंदा, चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "अहो, तुमी उलटं तोंड करून बसा, मंग ते तुमच्या पाठीकडं बघतील." घरातलं माणूस असं, तर बाहेरच्यांचं काय घेऊन बसता!

अकराव्या दिवशी अक्काची तिथी होती. जेवायला भावकी येणार. आदल्या दिवशी संध्याकाळी मी बाजारातून भाजी घेऊन आलो, आणि मागच्या दारात पाय ठेवताच नाकात वास गेला. माझा रोजचा वास, तो मी झोपेतही ओळखीन. दादा पाठीवर पंप घेऊन उभा होता. सगळ्या परसाला दोन पंप मारून झाले होते.

"हे काय केलंस तू?" मी किंचाळलोच.

"मुंग्या लई झाल्त्या. उद्या खिरीला लागल्या म्हंजे?"

"खीर पुढच्या चुलीवर व्हईल, परसात न्हाई!"

"खबरदारी म्हणून मारलं. त्यात येवढं काय?"

आता बघा, ही चूक फक्त आमच्या घरातच होऊ शकते. दुसऱ्या कुणी मुंग्यांना हळद टाकली असती. आम्ही दुकानदार, आम्हाला हात लांब केला की डबा सापडतो. दादानं मुद्दाम केलं असं मी त्याला त्या वेळी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. मुद्दाम नव्हतं केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पैज मी हरलो होतो, परस आत्ताच मेलं होतं, आणि मला रडू येत होतं. मी न जेवता झोपलो.

सकाळी आंघोळ करून कॅमेरा घेऊन गेलो तो मेलेल्यांचे फोटो काढायला. निदान तेवढे तरी हलणार नाहीत, असा माझा राग होता. दव होतं, ऊन नुकतंच लिंबोणीच्या शेंड्याला लागलं होतं, आणि... काय सांगू तुम्हाला! परस भरलेलं होतं. टाचण्या, भुंगे, अळ्या, मुंग्यांची रांग अगदी शिस्तीत. औषधाचा वास अजून येत होता आणि त्या वासात ही सगळी मंडळी निवांत बसली होती. कॅमेरा सरसावून मी तिथंच खाली बसलो.

बसलो तेवढ्यात डाव्या हाताला, कडीपत्त्यापाशी आवाज आला. टिक टिक. सुनंदा आमटीसाठी कडीपत्ता तोडायला आली असं मला वाटलं. मी मान न वळवता म्हणालो, "थांब गं, हलू नको." कारण माझ्यासमोर लिंबोणीच्या फांदीवर एक मँटिस, म्हणजे प्रार्थनाकीटक होता. हिरवागार, बोटाएवढा, हात जोडून बसलेला. आणि तो वळला. त्याच्याबरोबर पानावरचा भुंगा वळला, खालची टाचणी वळली. पाठी गेल्या आणि तोंडं आली. मी बटण दाबत सुटलो. फांदीवरून तो हलला नाही, मीही नाही. कार्ड भरलं तेव्हा थांबलो आणि ओरडलो, "सुनंदा, जिंकलो!"

सुनंदा पुढच्या अंगणातल्या चुलीपाशी होती. हाताला पीठ, चुलीवर वड्यांचं तेल. ती मागं आलीच नव्हती.

त्या वेळी मी त्याकडे लक्ष दिलं नाही, खोटं कशाला बोलू. मला फक्त दादाच्या नाकावर टिच्चून फोटो दाखवायचा होता. पंगत उठली, पाहुणे गेले, तसा मी कॉम्प्युटर उघडला. दादानं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "फोटो ब्येस हाय. पण हा तुझ्याकडं कुठं बघतोय? त्याचं ध्यान डावीकडं हाय. डोळ्यात डोळा ठरलं होतं."

मी पेटलो. पण बघतो तर खरंच. मँटिसच्या हिरव्या डोळ्यांतले दोन काळे ठिपके डाव्या कडेला सरकलेले. सगळ्या फोटोंत तसंच. आणि मग मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला, कारण मला या प्राण्याची माहिती आहे. ते ठिपके म्हणजे बुबुळं नव्हेत. त्याच्या डोळ्याची घडणच अशी, की ठिपका नेहमी बघणाऱ्याच्या बाजूला दिसतो. चार माणसांनी चार बाजूंनी बघितलं तर चौघांनाही वाटतं, हा माझ्याकडेच बघतोय. कॅमेऱ्याचंही तेच. त्यामुळे फोटोत त्याची नजर बाजूला जाऊच शकत नाही.

मी आमच्या ओळखीच्या एका सरांना फोटो पाठवले. किड्यांचे जाणकार, कृषी महाविद्यालयात शिकवून रिटायर झालेले. तासाभरात त्यांचा फोन आला. दादा शेजारी होता म्हणून मी स्पीकर लावला.

"फोटो अप्रतिम आहे," सर म्हणाले, "पण तुम्ही मला एक सांगा, हा काढला कुठून? ठिपक्यांवरून कॅमेरा डावीकडे हातभर आणि थोडा वर असायला पाहिजे. आणि फ्रेम तर समोरून आहे. दोन्ही एकदम कसं?"

"सर, मी समोरच होतो."

"मग डावीकडे कोण होतं?"

दादानं फोन स्वतःकडे ओढला. "सर, थोडा वर म्हंजे किती? उभ्या माणसायेवढा?"

"नाही हो, तेवढा नाही. वाकलेलं माणूस असेल तर जमेल."

दादा उठून मागच्या दारात गेला. मीही गेलो. लिंबोणीची ती फांदी, मी बसलो होतो ती जागा अजून दबलेली, आणि तिथून हातभर डावीकडे कडीपत्ता. तेव्हा मी दादाला त्या आवाजाचं सांगितलं. टिक टिक एवढंच म्हटलं, पुढचं म्हणावं लागलं नाही.

दादा म्हणाला, "दोनच गोष्टी असू शकतात. येक तर आपलं औषध बोगस हाय, न्हाई तर..."

"न्हाई तर काय?"

"औषध बोगस न्हाई," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र दुकानातलाच होता. "जेसीबीवाल्याला फोन लाव. म्हणावं येऊ नको. अन् ओसरीतल्या गोण्या माझ्या खोलीत लाव."

अहो, काय सांगू! एवढा मोठा विजय माझ्या आयुष्यात दुसरा नाही. मी लहान पोरासारख्या परसाला फेऱ्या मारल्या. सुनंदानं उरलेली खीर सगळी मला वाढली.

मी धंद्याचा माणूस, म्हणून शहानिशा केलीच. त्याच डब्यातलं उरलेलं औषध, त्याच पंपानं आमच्या कपाशीवर मारलं. दुसऱ्या दिवशी तुडतुडे साफ. हाताला वास नव्हता म्हणून किडे थांबले म्हणावं, तर त्यानंतर चार वेळा दुकान बंद ठेवून, आंघोळ करून गेलो. चारही वेळा पाठच! सरांनी मूळ फाइल मागवून घेतली, दोन महिने झाले, अजून त्यांचं उत्तर नाही. परवा फोन केला तर म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, कृपा करून पुन्हा विचारू नका.

मलाही कळत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही, तुमच्या विहिरींना मी आजही हसणार. फोटो मोठा करून दुकानात लावलाय. शेतकरी बघतात आणि म्हणतात, लई भारी, पण हा बघतोय कुणाकडं? दादा पुढची पावती फाडतो. पण त्यानं एक केलंय. कडीपत्ता तोडायला आता तोच जातो. हातात बांगडी नाही, म्हणून दुकानाची किल्ली फांदीवर दोनदा वाजवतो आणि म्हणतो, "सरका बापहो." आणि मग डावीकडं थोडी जागा सोडून उभा राहतो.