मुठींची शिरगणती

दरवर्षी नववीच्या वर्गात लोकसंख्येचा धडा आला की मी फळ्यावर दोन रेघा काढते. पांढऱ्या खडूने महाराष्ट्राची, गुलाबी खडूने पुण्याची. दोन्ही डाव्या कोपऱ्यात एकाच ठिपक्यापासून सुरू होतात, कारण मला आकडा दाखवायचा नसतो, वेग दाखवायचा असतो. पांढरी रेघ आपली शहाण्या सुनेसारखी हळूहळू चढत जाते. गुलाबी रेघ थोडा वेळ तिच्या सोबतीने चालते आणि मग अशी उधळते, की फळा संपतो पण रेघ संपत नाही. चोपड्याजवळच्या आमच्या गावातली पोरं ते बघून खूश होतात. कुणाचा काका हिंजवडीत असतो, कुणाचा मामा चाकणला. माझाही त्या रेघेवर काही राग नव्हता. पोटापाण्यासाठी माणूस जातो, जाणारच. राग आला तो गेल्या वर्षीच्या श्रावणात, ती रेघ माझ्या देव्हाऱ्यात शिरली तेव्हा.

आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. आमच्या घरातला नारळ कित्येक पिढ्यांचा आहे, हातात घेतला तर कापसासारखा हलका. त्याला नथ, डोळे, साडी-चोळी करून चौरंगावर मांडायचं, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं, पाण्यात बुडवून परत आणायचं आणि वर्षभर देव्हाऱ्यात ठेवायचं. सासूबाई गेल्यापासून हे सगळं माझ्याकडे आहे. फक्त एक काम आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. ते आंघोळ करून पाटावर बसतात आणि भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन परातीत सव्वा मूठ गहू टाकतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. बाईची नसते. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, तू नवऱ्याच्या मुठीत आलीस. ऐकून घेतलं, नवी सून दुसरं काय करणार?

त्या गव्हाच्या पिठाला रोट म्हणतात. त्याच्या पोळ्या, खीर, जे काही करायचं ते आपल्याच कुळातल्या माणसांनी खायचं. शेजाऱ्याला द्यायचं नाही, गाईला घालायचं नाही, ताटाचं खरकटं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही. आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत पिठाचा डबा रिकामा झाला पाहिजे. उरलं तर नदीत सोडावं लागतं आणि आमच्यात ते फार वाईट मानतात. घर माणसांना कमी पडलं, असा त्याचा अर्थ.

मी आले तेव्हा रोट उरायची भीती कुणालाच नव्हती. रविवारीच पंगतीवर पंगत उठायची आणि आम्हा सुनांच्या वाट्याला तव्यावरची शेवटची पोळी यायची. मग एकेक जण बाहेर पडू लागला. आधी चुलत दीर गेले, मग त्यांच्या ओळखीने दुसरे, मग माझा सख्खा धाकटा दीर. तिकडे त्यांची लग्नं झाली, पोरं झाली, आणि प्रत्येक मुलाची मूठ आबा इथे परातीत टाकत राहिले. परातीतला ढीग दरवर्षी मोठा होत गेला आणि पंगत दरवर्षी आखूड होत गेली. जगाला हे समजायला जनगणना लागते, आम्हाला डबा उघडला की समजायचं.

गेल्या वर्षी शेवटी उरलंच. आबा स्वतः डबा घेऊन नदीवर गेले. परत आले ते जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमेला धाकटे भाऊजी पुण्याहून आले, त्यांना हे कळलं, आणि त्यांनी ओसरीवर बसून मोठ्या समजुतीच्या सुरात सांगितलं की आता भावनेत अडकून चालणार नाही. आपली निम्म्याहून जास्त भाऊबंदकी पुण्यात आहे. तिथे हॉल घेऊ, सगळे एकत्र येतील, रोट एका बैठकीत संपेल, नारळ माझ्या फ्लॅटमध्ये राहील. मग ते वाक्य बोलले.

"वहिनी, जिथे माणसं तिथे कानबाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण बोलणार काय? मीच वर्गात हेच शिकवते. भाऊजी गुलाबी रेघेच्या टोकावर उभे राहून बोलत होते आणि त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. आबा म्हणाले की एक वर्ष दे. पुढच्या श्रावणात डबा इथे रिकामा झाला तर नारळ इथेच राहील. उरलं, तर राखीला येशील तेव्हा घेऊन जा. आबांनी शब्द दिला की संपलं, तो फिरत नाही. वर्षभर मी रोज दिवा लावताना त्या नारळाकडे पाहायचे आणि मनातल्या मनात भाऊजींशी भांडायचे. सून म्हणून या घरात आल्यापासून हातात काही आपलं म्हणून आलं असेल तर तो नारळ. तो असा डब्यात घालून कुणी न्यावा हे मला सोसणारं नव्हतं.

यंदा परात पुढ्यात आली तेव्हा मी आबांना स्पष्ट सांगितलं की जे येणार आहेत त्यांच्याच मुठी टाका. आबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. जितंजागतं माणूस आहे, त्याची मूठ मी कशी वगळू, म्हणाले. पुण्यातल्या एकाही पोराला त्यांनी सोडलं नाही. ढीग वाढत होता आणि मी कपाळाला हात लावून बसले होते. गिरणीवाल्याने त्या दिवशी नेहमीसारखी गिरणी धुऊन आमचं दळण आधी घेतलं, आणि पिठाचा डबा उचलताना आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

रविवारी पुण्याहून दोघे आले. बाकीच्यांना रजा नव्हती, रेल्वेचं आरक्षण नव्हतं, मुलांच्या परीक्षा होत्या. भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर देवीचं दर्शन घेतलं. सोमवारी नदीवर जाऊन आलो, आलेले दोघे गेले, आणि घरात राहिलो आबा, आमचे हे, मी, आणि अर्ध्याहून जास्त भरलेला डबा.

मग सुरू झालं आमचं खाणं. सकाळी रोट, दुपारी रोट, चहासोबत रोट. ह्यांनी चौथ्या दिवशी हात टेकले. आबांनी मात्र टेकले नाहीत. तोंडात मोजके दात, तरी खिरीत पोळी कुस्करून खात राहिले. मी नको म्हटलं तर रागावले. एका दुपारी पाहिलं तर घास हातात तसाच आणि डोळे मिटलेले. मला रडूच आलं. एवढ्या भाऊबंदकीचं जेवण हा म्हातारा एकट्याच्या पोटात घालायला निघाला होता.

त्याच संध्याकाळी मी राखीच्या तयारीला लागले. आमच्या तीन नणंदा आणि चुलत नणंदा पौर्णिमेला हटकून येतात, त्यांच्यासाठी दरवर्षी श्रीखंड-पुरी असते. मी पुऱ्यांसाठी किती पीठ लागेल याचा हिशेब मनात करत होते आणि हात मध्येच थांबला. अगं बाई! थोरल्या अक्का भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, मधली धुळ्याला, धाकटी मुक्ताईनगरला, चुलत नणंदा अमळनेर-यावलच्या आसपास. आम्ही मुलगे लांब पाठवले, मुली मात्र हाकेच्या अंतरावर दिल्या. गुलाबी रेघ वर चढली ती मुलग्यांची. मुली इथेच होत्या, पांढऱ्या रेघेवर, दरवर्षी दारात येत होत्या. आणि आम्ही त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी पीठ नदीत सोडायला निघालो होतो, कारण त्यांची मूठ नाही.

आबांना सांगितलं. ते नाही म्हणाले. दिलेली लेक दुसऱ्या कुळाची, तिच्या सासरची कानबाई वेगळी, तिथले रोट ती खाऊन आलेली. मी म्हटलं, देवी काय हजेरी घेते का? आबा तोंड फिरवून बसले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मागच्या दारी जाऊन अक्कांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. राखीला येणारच आहात तर यंदा एक दिवस आधी या, सगळ्यांना घेऊन या, आणि घरून जेवून येऊ नका. अक्का इतकंच म्हणाल्या की आबांशी मी बोलते, तू चुलीकडे बघ.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पहिली जीप आली ती भुसावळची. पाठोपाठ धुळ्याची गाडी. मग कुणी एसटीने, कुणी नवऱ्याच्या मोटरसायकलवर. अंगण चपलांनी भरलं. मुली, त्यांच्या मुली, त्यांचे मुलगे. आबा ओसरीवर उठून बसले, एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होते, पण आत डबा आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची नजर कुणाच्या नजरेला मिळत नव्हती.

अक्कांनी हातपाय धुतले, आबांसमोर जमिनीवर मांडी घातली आणि त्यांच्याशी लहानपणी बोलायच्या त्याच अहिराणीत स्वतःच्या वाट्याचा रोट मागितला.

"आबा, मना वाटाना रोट कोठे शे?"

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. अक्कांचा आवाज भांडणाचा नव्हता, भूक लागलेल्या लेकीचा होता. लग्न होईपर्यंत त्या याच घरात याच डब्यातलं खात होत्या. अक्षता पडल्या आणि वाटा संपला, आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांना तसं सांगितलंही नव्हतं. आबा उठले, स्वयंपाकघरात आले, फडताळातला डबा स्वतः खाली काढला आणि अक्कांच्या पुढ्यात आणून ठेवला.

"बठ्ठा तुनाच शे, माय."

सगळाच्या सगळा लेकीचा! अक्का रडल्या, मी रडले, आणि लगेच पदर खोचून कामाला लागले, कारण दिवेलागण काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. तीन चुली पेटल्या. एक लाटतेय, एक भाजतेय, एक पुरण भरतेय, आणि पोरं तव्यावरूनच पोळी पळवतायत. आबा प्रत्येकीच्या पानाजवळ जाऊन अजून घे म्हणून बसवत होते. मधल्या नणंदेचे यजमान जावई म्हणून संकोचत होते, त्यांना सासुरवाडीचं काही वर्ज्य नसतं असं मी दटावून वाढलं. दिवस कलता कलता पीठ तळाला गेलं. शेवटच्या पोळीचे तुकडे करून वाटावे लागले आणि माझ्या वाट्याला बोटभर कड आली. इतकी गोड कड मी जन्मात खाल्ली नव्हती. सूर्य बुडायच्या आत मी डबा घासून, धुऊन, त्याचं पाणी तुळशीत घालून अंगणातल्या ओट्यावर उपडा घातला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पुण्याहून आले. बरोबर जाऊबाई, त्यांची कॉलेजातली मुलगी, आणि एक नवाकोरा स्टीलचा डबा, आत लाल मखमल अंथरलेली. मला हसू दाबता येईना. भाऊजींनी ओट्यावरचा उपडा डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग घरातल्या गर्दीकडे पाहिलं. कुणी खाल्लं विचारलं. मी सांगितलं, तुमच्या बहिणींनी. ते म्हणाले, पण त्यांची मूठच नाही, मग हे धरायचं कसं? वाद घालायला मी पुढे सरसावले, पण आबांनी हाताने मला थांबवलं. पुण्याच्या लेकाशी ते नेहमी जरा शहरी बोलतात.

"तूच म्हणालास ना, जिथे माणसं तिथे कानबाई? मोज. माणसं इथे आहेत."

भाऊजींनी खरंच नजर फिरवली. ओसरीवर बहिणी, पायरीवर भाचरं, अंगणात जावई, झोपाळ्यावर तिघंतिघं. बरं का, मला त्यांची अजिबात दया आली नाही. वर्षभराचं भांडण मी मनात जिंकत होते, त्या दिवशी ते अंगणात सगळ्यांसमोर जिंकले. मग त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं, थोडंसं तरी ठेवलंय का. नाही म्हटलं, रविवारी आला असतात तर मिळालं असतं.

त्यांची मुलगी तेव्हा पुढे आली आणि आबांना म्हणाली की माझी मूठ टाकली होती का. आबा म्हणाले, नव्हती. पुढच्या वर्षी पहिली तुझी टाकीन, पण पुण्याला पाठवणार नाही, इथे येऊन खावी लागेल. ती हो म्हणाली. भाऊजींनी डब्यातली लाल मखमल काढली, देव्हाऱ्यापाशी गेले आणि नारळ दोन्ही हातांनी उचलून ती त्याच्याखाली अंथरली. अक्का राखीचं ताट घेऊन उभ्याच होत्या.