जिंकल्याबद्दल चौदा आणे

आमच्या गावात एकदा घोड्यांच्या शर्यतीत सगळे गाव जिंकले आणि त्यामुळे सगळ्या गावाचे नुकसान झाले. असे काही घडवून आणायला पुण्याचे शिक्षण लागते, आणि त्या काळी आमच्या पंचक्रोशीत ते एकट्या माझ्याकडे होते.

(पूर्ण नव्हते. कॉलेजने मला दोन वर्षे सांभाळले आणि नंतर, माझ्याच भल्यासाठी, घरी पाठवले.)

पुण्याहून येताना मी एक काळा कोट आणला आणि टोटची माहिती आणली. कोट खानदेशच्या उन्हात पहिल्याच आठवड्यात खुंटीला गेला. माहिती मात्र डोक्यातच राहिली. पुण्याच्या रेसच्या मैदानावर मी काही रविवार कुंपणाबाहेरून काढले होते. तिथे टोट नावाची सोय होती. सगळ्यांनी लावलेले पैसे एका जागी गोळा करायचे, त्यातून मैदानवाल्यांचा वाटा कापायचा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्यावर ज्यांनी पैसे लावले त्यांच्यात वाटून टाकायची. भांडण नाही, मारामारी नाही.

आमचे गाव तापीकाठी, प्रकाशा या तीर्थापासून बैलगाडीने फार लांब नाही. यात्रेला नदीच्या वाळवंटात घोडे पळत, आणि घोड्यांच्या मागोमाग माणसे पळत, कारण हरलेला माणूस पैसे न देता शेतातून निघून जाई. पैजा तोंडी असत. साक्षीदार दोन्ही बाजूंनी जेवलेले असत. माझे वडील गावचे पोलीसपाटील. त्यांना सगळे आबा म्हणत. यात्रेनंतरचे आठ दिवस ते हीच भांडणे मिटवण्यात घालवत. म्हणून मी त्यांना टोट समजावून सांगितला.

"म्हनजे जुगार," आबा म्हणाले.

"जुगार कसा, आबा? यात रुपयामागे दोन आणे देवळाला काढायचे. धर्मशाळेचं छप्पर होईल."

आबांनी थोडा विचार केला. "देवना पैसा शे, तं मंग जुगार कसा?"

अशा रीतीने धर्म आणि कायदा दोन्ही आमच्या बाजूला आले. यात्रेच्या बंदोबस्ताला आलेल्या जमादारांनी कायद्याला काय विचारले ते ठाऊक नाही, पण पहिले तिकीट त्यांनीच घेतले.

त्या वर्षीच्या यात्रेला आणखी एक कारण चिकटले होते. माझ्या धाकट्या बहिणीचे कळसाडीच्या गिरधरबापूंच्या मुलाशी जमत आले होते. देणेघेणे ठरले होते, फक्त सुपारी फुटायची होती. बापू मोठे बागाईतदार, बोलायला कमी आणि मानापानाला भारी. त्यांना बिजली नावाची एक पांढरी घोडी होती. मुलाच्या खालोखाल त्यांचा जीव तिच्यावर होता, असे लोक म्हणत. (बापूंचा मुलगा 'खालोखाल'च्या जागी 'आधी' हा शब्द घालून हेच सांगे.) बापू बिजलीला घेऊन यात्रेला आले आणि आमच्या घरी उतरले.

चावडीच्या खिडकीत मी काळा कोट घालून बसलो. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर घोड्यांची नावे लिहिली होती. एक तुकडा एक रुपया. बाहेर दारावर खडूने पाचही घोड्यांची नावे लिहिली. कुणावर किती लागले हे तिथे सगळ्यांना दिसत होते. बिजली, नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याचा माणिक, आणि आणखी तीन जनावरे, ज्यांना त्यांचे मालक घोडे म्हणत.

शर्यती दोन होत्या. सकाळच्या शर्यतीआधी आबा चावडीच्या पायरीवर उभे राहिले आणि गावाला एवढेच म्हणाले, "बिजली पाव्हनासनी घोडी शे. मान ठेवा."

गावाने मान ठेवला. पाटलाच्या होणाऱ्या व्याह्याच्या घोडीला सोडून दुसऱ्या घोड्यावर पैसे लावायची कुणाची छाती झाली नाही. कळसाडीहून आलेल्या पाहुण्यांनी तर घरचीच घोडी म्हणून लावले. बापूंनी स्वतः पंचवीस रुपये लावले. बाकीच्या चार नावांपुढे खडूची एक रेघही उमटली नाही. मला आनंद झाला. इतकी एकी मी पुण्यातही पाहिली नव्हती.

बिजली जिंकली. सगळे गाव नाचले. मग नाचतच खिडकीशी आले.

हिशेब मी तोपर्यंत केला नव्हता. केला, आणि काळ्या कोटाच्या आत मला थंडी वाजली. सगळ्यांचे पैसे एकाच घोडीवर. ती जिंकली. हरलेला कुणीच नाही, म्हणजे वाटायला सगळ्यांचेच पैसे, आणि त्यातून देवळाचे दोन आणे गेलेले. रुपयाला चौदा आणे. (अशा वेळी निदान लावलेला रुपया तरी परत द्यायचा असतो, ही पुण्याची रीत मला पुढे कळली. कुंपणाबाहेरून ती दिसत नसे.)

पहिल्याने हात पुढे केला तो सुपडूअण्णांनी. अण्णा म्हणजे गावातला सर्वांत चिवट माणूस. एकदा त्यांनी कपाशीच्या वजनावरून व्यापाऱ्याशी वाद घातला, तेव्हा व्यापारी गाव सोडून गेला होता. मी त्यांच्या हातावर चौदा आणे ठेवले.

"हाई काय शे?"

"तुमचे जिंकल्याचे पैसे."

"मी रुपया लावा. मन्ही घोडी जिकनी. आन तू माले चौदा आना दी ऱ्हायना?"

"हो, अण्णा."

"मंग हारनाराले काय देस तू?"

"हरणाऱ्याला काहीच नाही."

"हारनारा कोन शे?"

"कुणीच नाही."

"मंग मन्हा दोन आना कोन लई गया?"

मी देवळाकडे बोट दाखवले. अण्णांनी देवळाकडे पाहिले, हातातल्या पैशांकडे पाहिले, आणि मागे वळून रांगेला सांगितले, "भाऊहो, आपू समदा जिकनूत. आते घर जाईसन रडा."

यानंतरच्या अर्ध्या तासात मला जे ऐकून घ्यावे लागले त्यातले देवाविषयीचे भाग मी सोडून देतो. सगळ्यांत शेवटी गिरधरबापू आले. त्यांचे तीन रुपये दोन आणे कापले गेले होते. पैसे न मोजता त्यांनी खिशात टाकले आणि आबांना म्हणाले, "पाटील, आमनाकडे पाव्हनाले आहेर करतस. तुमनाकडे पाव्हनाना खिसामाइन लेतस का?"

आबांनी जेवताना घरातल्या सर्वांना सांगितले, "आज ह्या घरमा त्या घोडीनं नाव काढानं नही." बहीण आत जाऊन बसली. आई माझ्या ताटात वाढायची विसरली, आणि नंतर आठवण होऊनही तिने वाढले नाही.

दुपारच्या शर्यतीआधी काहीतरी करणे भाग होते. मी बैलगाडीवर चढून गावाला टोटचे मर्म समजावून सांगितले. जिथे सगळे लावतात तिथे थोडे मिळते, जिथे थोडे लावतात तिथे खूप मिळते. माझे बोलणे लोकांना समजले, आणि खरा घात तिथेच झाला.

बिजलीकडे कुणी फिरकेना. सकाळी मान ठेवणारे लोक आता खडूच्या रेघा मोजत होते. जिथे रेघा कमी तिकडे धावत होते. तिथल्या वाढल्या की दुसरीकडे. आमच्या गावातल्या मानाची किंमत रुपयाला दोन आणे आहे हे मला त्या दिवशी कळले. चारही घोड्यांपुढे रेघांची दाटी झाली. बिजलीपुढे काहीच नव्हते. जो तो म्हणत होता, पाहुण्यांची घोडी आहे, तिच्यावर दुसरे लावतीलच.

मग स्वतः बापू आले. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि दहा रुपये खिडकीत सरकवले.

"मानिक," ते हळूच म्हणाले.

मी बिजलीचे तिकीट उचलले होते, ते खाली ठेवले.

"घोडी दमेल शे," बापू म्हणाले.

शर्यत सुरू व्हायच्या बेतात आली. थाळी वाजायला लागली, तेवढ्यात माझी काकी गर्दीतून वाट काढत खिडकीशी पोचली. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची, माणिककाकांची बायको. आवाज मोठा आणि मत त्याहून मोठे.

"बाळू, हाऊ रुपया ले. माले ते तिकीट दे."

"कोणतं, काकी?"

"ते रे. ज्यानं नाव लेता येत नही ते."

थाळी वाजत होती. मागून लोक ढकलत होते. मी क्षणभर विचार केला. आज आमच्या घरात कोणाचे नाव घ्यायचे नाही? आबांनी जेवताना बजावले होते. मी बिजलीचे तिकीट काकीच्या हातात ठेवले आणि खिडकी बंद केली. काकीला वाचता येत नव्हते. तिने तिकीट कपाळाला लावले आणि कमरेला खोचले.

आपल्यावर एकच रुपया लागला आहे हे बिजलीला कुणी सांगितले नव्हते. ती सकाळपेक्षाही जोरात पळाली. माणिक दुसरा आला. या वेळी कुणी नाचले नाही. लोकांनी तिकिटे फाडली. सुपडूअण्णांनी चावडीशी येऊन विचारले, "आते सांग. बिजलीवर कोन लावं व्हतं?"

"एकच तिकीट आहे. काकीचं."

एका रुपयाला साडेतीनशे रुपये. तेवढ्यात दोन चांगल्या बैलजोड्या आल्या असत्या. काकी बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. "मन्हं नही. मी दुसरावर लावं व्हतं." तिने कमरेचे तिकीट काढून शाळेच्या मास्तरांना दाखवले. मास्तरांनी मोठ्याने वाचले, "बिजली."

अण्णांना एवढे पुरेसे होते. "वा. खिडकी पाटीलनी. तिकीट देनारा पाटीलना. जिकनारी बी पाटीलना घरनी. घोडी तेवढी बाहेरनी."

गर्दी माझ्या दिशेने सरकू लागली. आबांनी माझ्याकडे पाहिले. कपाशीत बोंडअळी दिसली की ते असे पाहत.

"बाळू," काकी कडाडली, "मी तुले काय सांगं व्हतं?"

"ज्याचं नाव घेता येत नाही ते दे म्हणालीस."

"मंग? मन्हा मालकनं नाव काय शे?"

आख्ख्या गावाने एका सुरात उत्तर दिले, "मानिक!" माणिककाकांनी पागोटे भुवयांवर ओढले. लोक हसले, आणि माझ्यावरचा लबाडीचा आरोप त्या हसण्यात वाहून गेला. लबाडी करायला अक्कल लागते, हे सगळ्यांना एकदमच पटले.

गिरधरबापू मात्र हसले नाहीत. आपल्या घोडीवर सगळ्या गावाने मिळून काही लावले नाही आणि जे एक तिकीट गेले तेही चुकून, हे त्यांना आता कळले होते. त्यांनी बिजलीचा लगाम हातात घेतला.

"येस, पाटील."

'येतो' म्हणणाऱ्या या दोन शब्दांत बहिणीचे लग्न मोडून चालले होते. आबा जागचे हलेनात. मी पुण्याहून शिकून आलो असल्यामुळे मला काहीच सुचले नाही.

काकीने पदर सारखा केला. पाहुण्यांशी ती समोरासमोर बोलत नसे, म्हणून तोंड माझ्याकडे करून, पण नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाळू, बापूसले इचार, त्यासनी कोनावर लावं व्हतं?"

मी विचारायच्या आत, दुपारी रांगेत बापूंच्या मागे उभे असलेल्या सुपडूअण्णांनीच सांगितले. "मानिकवर. मी ऐकं."

"घोडी दमेल व्हती," बापू पुटपुटले.

"सकायले समदासनी मान ठेवा," काकी म्हणाली. "दोन आना कापाई गयात, नि मान बी गया. घोडीना मालकनी बी घोडी सोडी दिधी. पाव्हनासनी घोडी म्हनीसन तिनावर रुपया लावनारी मी एकली बाई शे."

(हीच बाई घटकाभरापूर्वी तिकीट आपले नाही म्हणून शपथा घेत होती. ही आठवण करून देण्याइतका धीट माणूस त्या वाळवंटात नव्हता. तिचा नवरा तर नव्हताच.)

बापूंनी काकीकडे पाहिले, मग घोडीकडे पाहिले. घोडी दुसरीकडे बघत होती. बापूंनी लगाम गड्याच्या हातात दिला. "वहिनी खरं बोली ऱ्हायन्यात," ते आबांना म्हणाले. "सुपारी मांगाडा."

संध्याकाळी सुपारी फुटली. साडेतीनशेतून काकीने सकाळच्या सगळ्या विजेत्यांचे दोन दोन आणे परत केले. दुपारी लोकांचे पुरे रुपये बुडाले होते, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सकाळचे दोन आणे परत मिळाले म्हणून गाव काकीला दुवा देत घरी गेले. सुपडूअण्णांनी आपले दोन आणे दाताखाली धरून पाहिले. उरलेल्या पैशांचे काकीने काय केले हे माणिककाकांनी कधी विचारले नाही, आणि धर्मशाळेवर छप्पर चढले, त्यामुळे देवानेही विचारले नाही.

पुढच्या वर्षी नवापूरकडून एक गृहस्थ मला मुलगी द्यायच्या विचाराने आले. माझी कीर्ती आधीच त्यांच्या गावी पोचली होती. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी आबांना बेताने विचारले, "पोरगा शिकेल शे ते ठीक. पन बायकोनी काही मांगं, तं देई ना?"

उत्तर आबांच्या आधी आतून काकीने दिले, "मांगं ते देस नही. पन जे देस ते वाईट निंघत नही."

पाहुण्यांचे समाधान झाले आणि त्या दोन वाक्यांवर माझे लग्न ठरले. संसाराला आता पुष्कळ वर्षे झाली. बायको म्हणते, मागितलेले मिळत नाही हे पहिले वाक्य तेवढे खरे निघाले.