आजींच्या नजरेतून सुटलेला पाय

जागतिक फुटबॉलच्या इतिहासात एकाच डाव्या पायावर दोन थोर राष्ट्रांनी हक्क सांगावा, असे प्रसंग फार थोडे. जर्मनीत, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात राहणाऱ्या डावऱ्याच्या बाबतीत तो प्रसंग आला होता. त्यातल्या एका राष्ट्राने त्याला अकरा मिनिटं दिली आणि दुसऱ्याने एक फॅक्स पाठवला.

डावऱ्या हे नाव त्याच्या आजींनी ठेवलेलं. पासपोर्टावर निखिल होतं. आजी साताऱ्याच्या, दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात तीन महिने मुलाकडे येऊन राहायच्या. नातू डाव्या हाताने जेवतो हे पहिल्याच भेटीत त्यांच्या लक्षात आलं आणि मग त्या तीन महिन्यांत त्यांनी जर्मनीतलं दुसरं काही पाहिलं नाही. त्या परत गेल्या तेव्हा पोरगा उजव्या हाताने जेवत होता, लिहीत होता आणि नमस्कार करून झाल्यावर प्रसादही उजव्याच हाताने घेत होता. पाय तेवढा राहून गेला. पुढे तो फुटबॉल खेळायला लागला, तेव्हा कुणीतरी ही त्रुटी त्यांच्या कानावर घातली. आजी म्हणाल्या, "असू दे. पायाने कुणी जेवत नाही." अट एकच घातली: उंबरा ओलांडताना उजवा पाय आधी.

ही अट तो मैदानावरही पाळायचा. मैदानाची पांढरी रेघ त्याच्या लेखी उंबराच होती. रेघेपाशी आला की अर्धं पाऊल अडखळायचा, पाय बदलायचा आणि मग आत जायचा. नवीन प्रशिक्षक आला की त्याला वाटायचं, पोराचा स्नायू आखडलाय. डावऱ्या समजावून सांगायच्या भानगडीत पडायचा नाही. "या, या, सगळं ठीक," एवढंच म्हणायचा आणि त्यातला "या" जर्मन असायचा, म्हणजे "हो".

मी त्यांच्याकडे पोटमाळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचो. स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होतो आणि ती संपत नव्हती. त्याच्या वडिलांना मी दादा म्हणायचो, आईला वहिनी. त्यामुळे पंचविशीतच मी काका झालो. दादा तिथल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या विभागात होते. दिवसभर वेगवान गाड्या थांबवायच्या आणि घरी येऊन माणसं थांबवायची. नवा सोफा असो, सुट्टी असो, डावऱ्याचे नवे बूट असोत, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "थांब, बघू."

न थांबता त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट केली. डावऱ्या पंधरा वर्षांचा असताना क्लबच्या प्रशिक्षकाने त्यांना बोलावून सांगितलं, मुलाला राष्ट्रीय युवा संघाच्या शिबिरात बोलावतील असं दिसतंय, पण जर्मन पासपोर्ट लागेल. दादांनी महिन्याभरात अर्ज केला. जर्मन व्हायचं तर भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं. त्यांनी ते सोडलं आणि मुलगा अज्ञान असल्यामुळे त्यांच्याबरोबर त्याचंही सुटलं. वहिनींनी मात्र साफ नकार दिला. "घरात एक तरी हवा," म्हणाल्या. रद्द झालेला, कोपरा कापलेला पासपोर्ट दादांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. दुसऱ्या कुठल्या खणात ठेवावा हे त्यांना सुचलं नसावं.

शिबिराचं बोलावणं आलं आणि एका मैत्रीपूर्ण सामन्यात तो शेवटची अकरा मिनिटं खेळला. चेंडू चार वेळा त्याच्याकडे आला. त्यातला एक थ्रो-इन होता आणि तो हाताने करायचा असतो.

आमच्या मराठी मंडळाला एवढं पुरेसं होतं. गणपतीत त्याचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. अध्यक्षांनी त्याला दोन संस्कृतींमधला सेतू म्हटलं, मग प्रमुख पाहुण्यांनी म्हटलं, मग आभार मानणाऱ्यानेही म्हटलं. डावऱ्या पुढच्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन बसला होता. घरी जाताना मला म्हणाला, "काका, याचं काय करायचं असतं?"

"फोडून खायचा."

"आजी फोनवर म्हणाली, सत्काराचा नारळ लगेच फोडू नको."

"मग ठेव."

त्याने तो खेळाच्या बॅगेत ठेवला आणि विसरला. वसंत ऋतूत क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये वास कुठून येतो याचा दोन आठवडे शोध चालला होता. शाल मात्र कामाला आली. पुढे तिसऱ्या श्रेणीतल्या संघात राखीव खेळाडूंच्या बाकावर चार हिवाळे ती त्याच्या गुडघ्यांवर होती. सत्काराच्या शालीचा इतका प्रामाणिक उपयोग झालेला मी दुसरा पाहिलेला नाही.

अकरा मिनिटांनंतर जर्मनीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. दोन वर्षं गेली. अठरावं वर्ष पुरं झाल्यावर काही महिन्यांनी भारतातून फॅक्स आला. तिथल्या युवा संघाच्या एका प्रशिक्षकाने कुठल्यातरी स्पर्धेत त्याला पाहिलं होतं. मजकूर तीन ओळींचा: आपल्या मुलाचा विचार करता येईल, मात्र भारतीय नागरिकत्व आवश्यक आहे. जे वाचायला हवं ते सोडून बाकी सगळं वाचायची खोड मला तेव्हाही होती. मी भारताचा नागरिकत्व कायदा काढून वाचला. वडिलांमुळे ज्याचं नागरिकत्व गेलं, त्या मुलाला सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत साधं निवेदन देऊन ते परत घेता येत होतं. म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत. त्यानंतर ते दार बंद. हे मी जेवताना सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"बाबा, इथे मला आता कोणी बोलावणार नाही," डावऱ्या म्हणाला.

"थांब, बघू. बोलावतील."

"आणि नाही बोलावलं तर?"

दादांनी ताट बाजूला सारलं. "मी माझा पासपोर्ट तुझ्यासाठी दिला. आता तू तुझा परत मागणार. मग मी कशाला दिला?"

"मला नाही माहीत. मला खेळायचंय. शर्ट कुठलाही चालेल."

"शर्ट कुठलाही चालेल म्हणे," दादा माझ्याकडे बघून म्हणाले, जणू काही पोराला शिंप्याकडे मीच नेत होतो.

उन्हाळा असाच गेला. सप्टेंबर संपता संपता डावऱ्या वर माझ्या खोलीत आला आणि भरलेला, सही केलेला अर्ज माझ्यासमोर ठेवला. वाढदिवस पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होता. "आल्झो, तर मग, काका, तुम्ही चला माझ्याबरोबर भारतीय कॉन्सुलेटमध्ये. बाबांना नंतर सांगू."

आम्ही दिवस ठरवायच्या आत, बुधवारी संध्याकाळी, साताऱ्याहून फोन आला. आजी गेल्या होत्या.

दादा थोरले. अग्नी त्यांनी द्यायचा. ते जर्मन नागरिक होते आणि जर्मन नागरिकाला भारतात जायला व्हिसा लागतो. गुरुवारी गांधी जयंती म्हणून कॉन्सुलेट बंद. शुक्रवारी जर्मनीचा एकीकरण दिन म्हणून बंद. मग शनिवार आणि रविवार. दोन्ही देशांच्या राष्ट्रीय सणांना एकाच माणसाने एकाच आठवड्यात इतकं मनापासून पाळल्याचं उदाहरण विरळा. फोनवर भेटलेले अधिकारी अतिशय सौजन्याने बोलले. सोमवारी सकाळी नऊला या, म्हणाले.

वहिनींकडे त्यांचा जुना पासपोर्ट होता. त्या गुरुवारी पहाटेच्या विमानाने गेल्या. दादांनी त्यांना विमानतळावर सोडलं आणि आत जाणाऱ्यांच्या रांगेबाहेर त्यांची बॅग धरून उभे राहिले. सून सासूच्या अंत्यदर्शनाला पोचली, मुलगा नाही. अग्नी धाकट्या भावाने दिला. शुक्रवारी दादा दिवसभर स्वयंपाकघरात बसून होते. एकदाच मला म्हणाले, "तिला सांगितलं असतं तर तिने काय म्हटलं असतं माहितीये? म्हणाली असती, आईकडे यायला कागद कसला लागतो रे."

सोमवारी आम्ही तिघं पहाटेच्या गाडीने निघालो. डावऱ्याच्या बॅगेत त्याचा अर्ज होता. दादांना आधार म्हणून मी आलोय अशी त्यांची समजूत होती. खरं म्हणजे मी दोघांनाही सोबत होतो, प्रत्येकाला वेगळ्या खिडकीसाठी. कॉन्सुलेटच्या दारापाशी डावऱ्या अडखळला, पाय बदलला, उजव्या पायाने आत गेला.

दादा सगळे अर्ज अभियंत्याच्या ठसठशीत मोठ्या अक्षरांत भरायचे. नाव लिहिलं, राष्ट्रीयत्व जर्मन लिहिलं. भेटीच्या प्रयोजनापाशी पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी तिथे इंग्रजीत एकच शब्द लिहिला, "मदर". खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारायला घेतला. "बसा, बाराच्या आत देते," म्हणाल्या.

दादा बाकावर बसले. मांडीवर नवा लाल पासपोर्ट नव्हता, तो आत गेला होता. हात मात्र तो धरल्यासारखेच होते. डावऱ्या माझ्याशेजारी भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होता.

"काका, मी हा अर्ज दिला तर माझा जर्मन पासपोर्ट जाणार ना?"

"हो."

"मग मला इकडे यायला व्हिसा लागणार."

"लागेल."

"आणि बाबा इकडेच असणार."

त्याची खिडकी मोकळी होती. रांगेत एकही माणूस नव्हता. त्याने बॅगेतून अर्ज काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर दादांच्या संध्याकाळच्या विमानाची वेळ आणि टर्मिनल लिहिलं. जाऊन तो कागद दादांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. परत आला आणि म्हणाला, "बाबांना सांगू नका. नाहीतर ते म्हणतील, जा."

गुरुवारी तो एकोणीस वर्षांचा झाला. दादा तेव्हा साताऱ्याला होते. दहाव्या दिवसाचं तेवढं त्यांच्या वाट्याला आलं होतं.

पुढची सहा वर्षं तो व्यावसायिक फुटबॉल खेळला. बातम्यांच्या शेवटी निकाल वाचून दाखवतात, त्यातही ज्यांचा निकाल येत नाही, अशा संघांतून. भारतातला तो प्रशिक्षक बदलला. जर्मनीला डावा बचावपटू सापडला होता. शेवटचा संघ कार्ल्सरूहेचा. दादा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवायचे नाहीत. थर्मासमधला चहा मला देत आणि मैदानाकडे बघत म्हणत, "मी अडवलं म्हणून त्याने अर्ज दिला नाही. एकदा तरी कुठल्यातरी देशाचा शर्ट घालून पूर्ण सामना खेळला असता." मी चहा प्यायचो. शब्द दिला होता. शब्द मागताना त्याने मुदत घातली नव्हती आणि मी ती विचारली नव्हती. एकदा, कधीतरी, त्याला म्हणालो, "आता सांगू का?" तो म्हणाला, "आता सांगून त्यांना अजून एक ओझं कशाला." तोही वडिलांसारखाच झाला होता. थांब, बघू.

एका शनिवारी सकाळी दादांना हृदयविकाराचा झटका आला. वहिनींचा फोन आला तेव्हा डावऱ्या कार्ल्सरूहेला सामन्यासाठी बूट बांधत होता. एकजण गाडीने सोडतो म्हणाला, पण शनिवारी महामार्गाचा भरवसा नाही, म्हणून तो तसाच स्टेशनवर गेला. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो. दादा शुद्धीवर होते.

"डावऱ्या?"

"निघालाय. तासाभरात येईल."

"मी अडवलं त्याला," ते पुन्हा तेच म्हणाले.

तेव्हा मी शब्द मोडला. कॉन्सुलेटमधली ती मोकळी खिडकी, त्याने विचारलेले दोन प्रश्न, सगळं सांगितलं. वहिनी पहिल्यांदाच ऐकत होत्या. दादा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो कागद आहे माझ्याकडे. पाकिटात. मागचं वाचलं होतं मी. मला वाटलं, माझ्या भीतीने नाही दिला." वर म्हणाले, "वेडा आहे." आणि मग, "येऊ दे त्याला. बघू."

डावऱ्या आला तेव्हा त्याच्या अंगावर संघाचा ट्रॅकसूट होता, हातात बुटांची पिशवी. पळत आला होता. दारातून आत येताना त्याचा डावा पाय आधी पडला. त्याने खाली पायाकडे पाहिलं, मग पलंगाकडे. वहिनींनी चादर दादांच्या चेहऱ्यावरून ओढून नीट केली होती.

संध्याकाळी बाहेरच्या बाकावर त्याने विचारलं, "काही म्हणाले?"

"वेडा आहे म्हणाले."

"म्हणजे तुम्ही सांगितलंत."

"हो."

त्याने मान हलवली. रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, ते किती वाजता म्हणाले. मी सांगितलं. त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला आणि पिशवीतल्या बुटांच्या नाड्या सोडवत बसला.

कार्ल्सरूहे ते स्टुटगार्ट रेल्वेने तासाभराचं अंतर आहे. व्हिसा लागत नाही. त्या दिवशी गाडी पन्नास मिनिटं उशिरा होती.