खुंट्या काढलेली गाडी

कौसल्याबाईला राग आला की ती बोलत बसत नाही. उठते आणि चालू लागते. घाटंजीच्या आसपासच्या चार गावांना हे ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना तिनं ठाऊक करून दिलं आहे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूनं तिला भरल्या ताटावरून उठवलं. ही उठली ती घरातूनच उठली. मागून नवरा, उकंडा, गठुडं डोक्यावर घेऊन मुकाट्यानं आला. दोघांनी बौद्धपुऱ्यात विहाराच्या मागं झोपडी टाकली. उकंडा बाजार समितीत हमाली करायचा, कौसल्याबाई कापूस वेचायला जायची. पुढं एका शेतकऱ्यानं मोजताना काटा मारला, तेव्हा तिनं भरलेली ओटी तिथंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रिकामी केली आणि रस्त्याला लागली. मागं वळून पाहिलं तर सगळ्या बाया तिच्या मागं. त्या दिवसापासून ती टोळीची मुकादमीण. कोणी नेमलं नाही, कोणी हार घातला नाही. तिनं कापूस तोलायचा स्वतःचा ताणकाटा तेवढा विकत घेतला. आकडा असलेला, लोखंडी, हातभर लांब. तो कायम तिच्या पिशवीत असतो.

"शेत आपलं नाही, भाव आपला नाही," ती बायांना म्हणायची. "पाय तेवढे आपले हायेत. ज्या दिवशी उठून जाता येनार नाही, त्या दिवशी आपन ढोरं झालो."

ही गोष्ट गुलाबी बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी पोखरली त्याच्या पुढच्या सालची. शेतकरी धास्तावलेले. कापूस फुटला की ताबडतोब वेचून घरात आणायचा, नाहीतर अळी तरी खाईल नाहीतर पाणी तरी पडेल. आणि सगळ्यांचा कापूस फुटतो एकदमच. मग बाया कुठून आणायच्या? एरवी बांधावरून हाक मारणारे लोक सकाळी सकाळी गाड्या घेऊन वस्तीत येऊ लागले. बायांना 'ताई' म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, कौसल्याबाईला गंमतच वाटली.

त्यातून पळवापळवी सुरू झाली. एकाची टोळी गाडीत बसून निघाली की फाट्यावर दुसरा उभाच. गाडी खड्ड्यात हळू झाली की हा दार उघडणार, म्हणणार, चला माझ्याकडं, दोन पैसे जास्त देतो. जायच्या बाया. का नाही जाणार? पुंडलिकराव नावाच्या शेतकऱ्यानं ठरवलेली टोळी अशी दोनदा फाट्यावरून गेली, दोन्ही वेळा नानाजीच्या शेतात. नानाजी म्हणजे पुंडलिकरावाचा धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी. दुसऱ्यांदा तर पुंडलिकरावाची बायको, शकुबाई, सीतादहीचं ताट घेऊन शेतात वाट पाहत बसली होती. पहिल्या वेचणीचा दहीभात, पूजा करून बायांना वाढायचा. बायाच आल्या नाहीत. शकुबाईनं तो दहीभात पाखरांना टाकला आणि घरी येऊन नवऱ्याला जे बोलायचं ते बोलली.

पुंडलिकराव यवतमाळला गेला आणि जुन्यातली एक मोठी पांढरी गाडी घेऊन आला. एसीवाली.

पहिल्या दिवशी कौसल्याबाईच्या टोळीतल्या बाया लेकराबाळांसारख्या खूश. गाडीनं जरा वेग घेतला तशी चारही दारांतून 'खट्' आवाज आला.

"हे काय झालं जी?" कौसल्याबाईनं विचारलं. ती पुढं, त्याच्या शेजारी बसली होती.

"ऑटो लॉक. आपोआप लागते," पुंडलिकराव म्हणाला. "तुमच्याच भल्यासाठी हाये बाई. चालत्या गाडीतून कोनी पडू नये."

मागं तांड्यावरची बसंतीबाई होती, टोळीतली सगळ्यात म्हातारी. तिच्या तोंडात तंबाखूचा खर्रा. तिला थुंकायचं होतं. ती दार ओढते, दार उघडेना. काच खाली होईना. शेवटी बिचारीनं शेत येईस्तोवर गाल फुगवून धरले आणि बाया हसून हसून बेजार झाल्या. कौसल्याबाईही हसली. पण तिची नजर दारावर गेली. जिथं कुलूप वर ओढायची खुंटी असते तिथं नुसतं भोक होतं. चारही दारांना.

"खुंट्या कुठी गेल्या?"

"जुनी गाडी हाये. तुटल्या," तो म्हणाला. समोर पाहत.

तिला ते पटलं नाही. पण कापूस चांगला फुटला होता, दीपाला सहावा लागला होता आणि तिला तीन कोस चालवत नेण्यापेक्षा गाडी बरी, असं तिनं मनाशी म्हटलं. दीपा उकंडाच्या पुतण्याची बायको. नवरा सुरतेला. कामावर येऊ नको म्हटलं तर ऐकत नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती, तरी ऊन उतरलं नव्हतं. त्या सकाळी गाडी फाट्यापाशी आली आणि समोर नानाजी उभा. चहाच्या टपरीपुढं, कमरेवर हात ठेवून. पुंडलिकरावाचं टाळकंच सरकलं. त्यानं गाडी तिथंच उन्हात लावली, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि किल्लीवरचं बटन दाबलं. खट्.

"पाच मिनिटांत आलो," असं तो काचेतून म्हणाला असावा. नीट ऐकू आलं नाही.

मग दोघं जुंपले. माझी टोळी, तुझी टोळी. तू माझ्या बाया नेल्या, तू माझा धुरा कोरला, तुझ्या बापानं विहिरीचा वाटा बुडवला. पार आज्यापर्यंत गेले. टपरीवरची माणसं चहा घेत तमाशा पाहत होती. आणि ज्यांच्यावरून भांडण चाललं होतं त्या बाया पन्नास पावलांवर, बंद काचेच्या आत, एकमेकींच्या मांडीवर मांडी टाकून उकडत होत्या. एसी बंद. इंजिन बंद म्हणून काचाही बंद.

कौसल्याबाईनं दार ओढून पाहिलं. भोकात बोट घालून पाहिलं. काच बडवली. मग हात लांब करून हॉर्न दाबला. लांबलचक दाबला. पुंडलिकरावानं तिकडून हात हलवला, आलो आलो, आणि पुन्हा नानाजीकडं वळला. तिनं पुन्हा दाबला. टपरीवर कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. बायांना कामाची घाई झाली, असंच काही म्हणाले असतील मेले.

"काकी," मागून दीपा म्हणाली. "मले कसंतरी होऊन राह्यलं."

कौसल्याबाईनं वळून पाहिलं. दीपाचे ओठ पांढरे पडले होते आणि ती तोंड उघडून वारा शोधत होती. बसंतीबाई तिला पदरानं वारा घालत 'याडी, याडी' अशा तांड्याच्या बोलीत आईला हाका मारत होती. गाडीत घालायला वाराच नव्हता.

कौसल्याबाईच्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की तिला राग आला आणि उठून चालू लागता येईना. तो राग मग कुठं जाणार? तिनं पिशवीतून ताणकाटा काढला. बायांना तोंडावर पदर घ्यायला सांगितलं. आणि लोखंडी आकडा काचेच्या कोपऱ्यावर हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काच मक्याच्या दाण्यांसारखी सांडली.

ती खिडकीतून बाहेर पडली, कोपर फाटलं. दीपाला दोघींनी आतून लोटलं, तिनं बाहेरून ओढून घेतलं आणि निंबाच्या सावलीत निजवलं. टपरीवरचा एक जण पाणी घेऊन धावला. दीपानं दोन घोट घेतले, ओकली, आणि पोटावर हात ठेवून रडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "हालून राह्यलं आतमंदी." तेव्हा कुठं कौसल्याबाईनं श्वास सोडला.

पुंडलिकराव धावत आला. आणि आल्या आल्या त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल?

"अवो बाई, माही काच!"

आता सांगा. माणसानं काय करावं अशा माणसाचं?

तेवढ्यात नानाजी पुढं सरसावला. "पाह्यलं ना कसा हाये हा? चला बायांनो, माह्या शेतात चला."

"तुमी काय करून राह्यले होते तठी?" कौसल्याबाईनं त्याला विचारलं. "हॉर्न तुमाले बी ऐकू आला. तुमी बी पाहूनच राह्यले होते ना?"

नानाजी मागं सरला. टोळी चालत घरी गेली. दीपाला टपरीवाल्यानं मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं, पोर ठीक आहे म्हणून डॉक्टरीणबाईनं सांगितलं. त्या रात्री कौसल्याबाई जेवली नाही. उकंडा म्हणाला, झालं गेलं, जाऊ दे. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो ताट घेऊन अंगणात जाऊन बसला.

पुंडलिकरावाचा कापूस पऱ्हाटीवर लोंबू लागला. आभाळ भरून यायला लागलं. दुसरी टोळी मिळेना, कारण फाट्यावरची गोष्ट तालुकाभर झाली होती. शेवटी तो बौद्धपुऱ्यात आला. दारात उभा राहिला.

"चुकलं माहं, कौसल्याबाई. काच गेली तर गेली. भाव बी वाढवून देतो."

"भावाचं कोनी बोलून राह्यलं का? ते लॉक काढा."

"आता नाही लावत ना मी. शपथ घेतो."

"तुमच्या शपथीवर मी माह्या बाया नाही बसवत. काढूनच टाका."

"कंपनीनं बसवलं हाये ते. निघत नसते."

"जे बसवता येते ते काढता येते. माह्या डोळ्यापुढं काढा."

पुंडलिकरावाच्या पोटातलं ओठांवर आलं. "अन् मंग रस्त्यात कोनी दार उघडून तुमाले घेऊन गेला तर?"

"तर जाऊ," कौसल्याबाई म्हणाली. "जायचं असन तर जाऊ, नसन तर नाही जानार. हेच तर सांगून राह्यली मी तुमाले. आमी काय पोत्यात भरलेला कापूस हाओत, का कोनी बी उचलून न्यावं?"

रवीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर आहे. पुंडलिकरावानं गाडी तिथं लावली. कौसल्याबाई स्टूल ओढून समोर बसली. रवीनं ऐकलं आणि म्हणाला, "काम सोपं हाये. पन फ्यूज पाहायले पुढचा कप्पा मोकळा करा लागन."

त्यानं कप्पा उघडला, आतली कागदं, रुमाल, देवाचा फोटो बाहेर काढला. रुमालातून काहीतरी टणटण करत जमिनीवर पडलं. चार खुंट्या. एक कौसल्याबाईच्या पायापाशी लवंडत आली. तिनं उचलली, उलटीपालटी करून पाहिली. कुठंच तुटलेली नव्हती. आटे जसेच्या तसे. म्हणजे गाडी आणल्या आणल्या यानं बसून एकेक खुंटी फिरवून काढली होती, रुमालात बांधून ठेवली होती, आणि वर 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणाला होता.

"तुटल्या होत्या ना?" तिनं विचारलं.

पुंडलिकराव रुमालाची घडी घालू लागला. रवी हातातलं काम थांबवून उभा राहिला. तिला वाटलं, तो ताणकाटा आता याच्याच टाळक्यात घालावा. तिनं खुंटी रवीच्या हातात दिली. "बसव. चारी बसव. अन् ते आपोआपचं तोडून टाक."

रवीनं फ्यूज उपटला, कुलपाची वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली. चारही खुंट्या बसवल्या. कौसल्याबाईनं गाडी रस्त्यावरून एक चक्कर मारायला लावली. गाडी धावली, 'खट्' झालं नाही. तिनं चालत्या गाडीत दार उघडलं, वारा आत आला, तिनं ते पुन्हा लावलं. आपण जिंकलो, असं तिला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वस्तीत आली. पुंडलिकरावानं खाली उतरून चारही दारं स्वतः उघडली आणि बाजूला उभा राहिला. नवी काच बसवलेली. बाया बसल्या. कौसल्याबाई पुढं बसली. दीपा मात्र अजून खालीच. तिला आज येऊ नको म्हणून चौघींनी सांगितलं होतं, तिनं ऐकलं नव्हतं. एक पाय तिनं आत ठेवला, परत काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.

"आता लॉकच नाही ना त्याले," पुंडलिकराव मऊ आवाजात म्हणाला. "पाहा ना, खुंटी बी बसवली."

"मले मालूम हाये," दीपा म्हणाली. "पायच उचलत नाही. तुमी जा, मी येतो पायी."

कौसल्याबाईचा जिरत आलेला राग पुन्हा होता तिथं आला. वायर तुटली, फ्यूज निघाला, सगळं निघालं. आणि या पोरीच्या जिवात जे घालून ठेवलं ते काढायला कोणता रवी आणायचा? तिनं पिशवी खांद्याला लावली, खुंटी वर ओढली, दार उघडलं आणि उतरली. मागून बसंतीबाई उतरली. मग सगळ्याच उतरल्या.

टोळी चालू लागली. दीपा मध्ये, बाकीच्या भोवती. मागून पांढरी गाडी रिकामी, दारं नीट न लागलेली, बायांच्या चालीनं येत राहिली. फाट्यावर नानाजी उभा होता. त्यानं टोळीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि टपरीच्या आत जाऊन बसला.

ऊन चढू लागलं. पुंडलिकरावानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, ऊन लागन तिले. बसा ना आता."

कौसल्याबाईनं मागं पाहिलं नाही.

"तुमी उतरा," ती म्हणाली. "तुमाले तर कवाबी उतरता येत होतं."

थोडं अंतर गाडी तशीच मागं येत राहिली. मग इंजिन बंद झालं, दार वाजलं, आणि बायांच्या पावलांमागं त्याच्या चपलांचा आवाज येऊ लागला. कौसल्याबाईनं चाल कमी केली नाही. शेत अजून दूर होतं.